चेंडूला वजन नाही

पहिल्या आठवड्यात फक्त चेंडू.
एक गोल, आत केशरी रंग.
पहिल्या फ्रेमला वर, बाराव्या फ्रेमला खाली,
चोविसाव्याला परत वर.
मधलं सगळं मशीन भरतं, खासनीस मॅडम म्हणाल्या,
आणि मला वाटलं, चला,
निम्मी डिग्री इथेच झाली.

प्ले केलं.
चेंडू खाली गेला जशी लिफ्ट जाते,
वर आला जशी लिफ्ट येते.
मॅडम खुर्चीमागे थांबल्या,
त्यांच्या तोंडातली वेलची मला ऐकू आली.
"याला वजन नाही," म्हणाल्या
आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

अनियन स्किनचं बटण दाबलं
की आधीचे, नंतरचे चेंडू फिकट दिसतात
एकावर एक, एकातून एक.
ओतूरला आमची चाळ आहे कांद्याची.
साल म्हणजे काय ते मला विचारा.
वजन मात्र आजवर
काट्यावरच बघितलेलं.

तीन दिवस ग्राफची रेघ वाकवत बसले.
कात्रजचा घाट करून पाहिला,
खंबाटकी करून पाहिला,
वैतागून सरळ लक्ष्मी रोड.
चेंडू कधी फुगा, कधी धोंडा,
एकदा तर जमिनीतून आरपार गेला
आणि शाहीन म्हणाली, "बघ गं, पाणी लागलं का."

तिसऱ्या रात्री फाइल क्रॅश झाली.
नावं होती: फायनल, फायनल दोन, खरंच फायनल.
त्यातली खरंच फायनल गेली.

सकाळी धनकवडीत
आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद,
आणि दारात गॅसवाला.
खिशावर पिवळ्या दोऱ्यात नाव: नवनाथ.

सिलिंडर खांद्यावर घेण्याआधी
तो खाली बसला.
वर जायचं, तर आधी खाली.
मग मान एका अंगाला,
डावा हात उगाच लांब, हवेत काहीतरी धरल्यासारखा,
आणि पाऊल पायरीवर टेकलं
की बाकीचं अंग जरा उशिरा पोचायचं तिथे.
सिलिंडर स्वतः काहीच करत नव्हतं.
नुसतं लाल होतं.
वजन सगळं त्याच्या गुडघ्यात.

मी दात न घासता मागे मागे, ओठांत पुटपुटत:
एका पायरीला बारा,
दुसऱ्या मजल्यानंतर सोळा,
तिसऱ्यानंतर बावीस.
"काय मोजताय ताई?"
"फ्रेम," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.
"पायऱ्या बहात्तर आहेत," तो म्हणाला,
"मोजून झाल्यात माझ्या."

रिकामं घेऊन उतरला तेव्हा
तेवढाच आकार, तेवढाच लाल रंग,
पण आता एका हातात, मांडीवर आपटत,
दुसऱ्या हातात फोन, फोनवर कुणाशी तरी भांडण.
दोन-दोन पायऱ्या एकदम.
मी गॅसच्या पावतीच्या पाठीवर
आकडे लिहून घेतले.
सुट्टे पैसे द्यायचे राहिलेच.

लॅबमध्ये रेघ पुन्हा उघडली.
चेंडूला वर जरा रेंगाळू दिलं,
पडायचं की नाही याचा विचार करत असल्यासारखं.
मग एकदम सोडला.
जमिनीशी तो दबला,
जेवढा दबला तेवढाच दोन्हीकडे पसरला,
आणि परत उठायच्या आधी
दोन फ्रेम तसाच पडून राहिला.
त्या दोन फ्रेम मी कुठल्याच ट्युटोरियलमध्ये पाहिल्या नव्हत्या.
दुसरी उडी पहिलीपेक्षा ठेंगणी, तिसरी त्याहून,
शेवटी नुसतं गडगडत जाणं
टेबलाखाली गेलेल्या पेन्सिलीसारखं.

मॅडम थांबल्या. वेलची थांबली.
तीन वेळा प्ले करायला लावलं.
"आता लागतंय याला," म्हणाल्या.
आणि जाता जाता,
"सेव्ह केलंस का?"

केलं.
नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता.
फायनल लिहायचा धीर होईना.
टाइप केलं: बहात्तर.